कायद्यालाही मुदत हवी : चार पुतळ्याजवळ पडलेला प्रश्न

तळ्याकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दरवर्षी १२ जानेवारीला सकाळी चार पुतळ्याला जाऊन येतो. आधी वडील न्यायचे, आता मी जातो. गड्ड्याची यात्रा तोंडावर असते, घरोघरी पाहुणे उतरलेले असतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही चार नावं सोलापुरात लहान पोरही एका दमात म्हणतं.

यंदा भाची सोबत होती. पुण्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आदल्या रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं आली. हार घालून झाल्यावर म्हणाली, "मामा, ज्या आरोपाखाली यांना फाशी दिली, तो आरोप आज कोणावर आला असता तर कुठलं कलम लागलं असतं?"

मला बोलता आलं नाही. कारण उत्तर मला ठाऊक होतं.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसं मेली, जमाव उलटला, पोलीसही मारले गेले. त्यानंतर काही दिवस गावात इंग्रज अंमल नावालाही नव्हता. मग १२ मेपासून मार्शल लॉ, त्यासाठी खास सोलापूरपुरता वटहुकूम. गांधी टोपी घालणं हासुद्धा गुन्हा झाला. ३० जूनला मार्शल लॉ उठला, पण खटला चालूच राहिला आणि १२ जानेवारी १९३१ ला पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली चौघांना येरवड्यात फाशी झाली. आजच्या यूएपीएच्या, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या, दहशतवादाच्या व्याख्येत असा आरोप सहज बसतो. चौघांनाही दहशतवादी म्हटलं गेलं असतं.

याचा अर्थ असा कायदाच नको, असं मी म्हणत नाही. ज्या देशात १२ मार्च १९९३ ला एका दुपारी २५७ माणसं मेली, तिथे सरकारनं हात बांधून बसावं असं कोण म्हणेल? घटनाकारांनीही म्हटलं नव्हतं. त्यांच्यातले कितीतरी जण स्वतः विनाचौकशी तुरुंगात राहून आलेले होते. तरीही फाळणीच्या आगीतून नुकत्याच निघालेल्या देशासाठी त्यांनी कलम २२ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खटल्याविना आत ठेवण्याला, जागा ठेवली. घटना लागू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच फेब्रुवारी १९५० मध्ये सरदार पटेलांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संसदेत आणला.

पण त्या कायद्याची मुदत होती एक वर्ष.

आठवडाभर हेच वाचत बसलोय आणि माझं लक्ष पुन्हा पुन्हा या मुदतीकडेच जातंय. ज्याला आपण 'ना वकील, ना अपील, ना दलील' म्हणून शिव्या घातल्या, त्या रौलट कायद्यालाही युद्ध संपल्यापासून तीन वर्षांची मुदत होती. पटेलांचा कायदा वाढवत वाढवत १९६९ पर्यंत नेला, पण प्रत्येक वेळी संसदेत उभं राहून कारण सांगावं लागलं. नंतरच्या दहशतवादविरोधी कायद्यांतही टाडाला दोन वर्षांची मुदत होती, पोटाला तीन.

टाडा कसा गेला ते पाहा. सुप्रीम कोर्टानं १९९४ मध्ये कर्तार सिंग खटल्यात तो वैध ठरवला होता. म्हणजे कोर्टाकडून तो रद्द होणार नव्हता. पण तोवर शहात्तर हजारांच्या आसपास माणसं त्याखाली आत गेली होती आणि शिक्षेचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली होतं. मानवी हक्क आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांनी खासदारांना पत्र लिहून सांगितलं की हा कायदा पुढे चालवू नका. मे १९९५ मध्ये मुदत संपली आणि तो वाढवायला संसद पुढे आली नाही. मुदत नसती तर टाडा आजही असता, असं मला वाटतं.

यूएपीए १९६७ चा. मुळात तो बेकायदा संघटनांपुरता होता. २००४ मध्ये पोटा रद्द करताना त्यातली दहशतवादाची कलमं इकडे आणून बसवली. २६/११ नंतर २००८ मध्ये तो आणखी कडक केला, २०१९ मध्ये संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी ठरवण्याची तरतूद आली. आणि या कायद्याला मुदतच नाही. कुठल्याही सरकारला दर काही वर्षांनी उभं राहून सांगावं लागत नाही की याचं काय झालं, किती धरले, किती सुटले, आणि सुटायला किती वर्षं लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे. दहशतवादाविरुद्धच्या कायद्याला मुदत हवी, आणि त्याखाली आत टाकलेल्या माणसाच्या खटल्यालाही. तुम्हाला काय वाटतं?

विजापूरवेस

काका, आदर ठेवून बोलतो. मुदत संपायची वाट दहशतवादी बघत बसत नाहीत. कायदा दर दोन वर्षांनी संसदेत नेला की दर दोन वर्षांनी राजकारण होणार आणि पोलिसांचा हात आखडणार. आणि चार हुतात्म्यांची तुलना बॉम्ब ठेवणाऱ्यांशी नको. ते परक्या सत्तेशी लढले. आज सरकार आपण निवडून देतो.

पश्चिमरेल्वे

मी सहसा लिहीत नाही. आज लिहितो.

माझा चुलतभाऊ सोलापूरचाच, मुंबईत बँकेत होता. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी चर्चगेटहून घरी निघाला. फर्स्ट क्लासचा पास नुकताच काढला होता, पहिल्यांदाच. त्या दिवशी अकरा मिनिटांत सात डब्यांत स्फोट झाले. काकांनी तीन हॉस्पिटलं पालथी घातली. ओळख पटली ती मनगटावरच्या घड्याळावरून.

मकोका लावला. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरणारा कायदा, म्हणजे सगळ्यात कडक. २०१५ मध्ये खालच्या कोर्टात बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी. काकांनी त्या दिवशी देवापुढे दिवा लावला. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टानं सगळ्या बाराजणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळख परेड टिकत नाही. नंतर सुप्रीम कोर्टानं या निकालाचा दाखला दुसरीकडे द्यायचा नाही असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत जायला लावलं नाही.

दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगाव २००८ च्या खटल्यातले सातही जण सुटले. तिथे आरोपी वेगळ्या धर्माचे, कोर्ट वेगळं, तपास यंत्रणा वेगळी. सतरा वर्षं गेली आणि हाती काही नाही.

काका आता थकलेत. ते मला विचारतात, मग माझ्या पोराला मारलं कोणी? इथे आरोपीच्या हक्कांची चर्चा चालली आहे, चालू द्या. पण या प्रश्नाचं उत्तर कोणाकडे असेल तर तेही लिहा.

निवृत्त_फौजदार

पश्चिमरेल्वे, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. उत्तर माझ्याकडे नाही. पण बत्तीस वर्षं खात्यात काढली, तेव्हा असं कसं होतं एवढं सांगू शकतो.

स्फोट झाला की वरून विचारणा सुरू होते. चोवीस तासांत कोण, अठ्ठेचाळीस तासांत कोण. खबऱ्याची माहिती हातात असते, पण माहिती हा पुरावा नव्हे. फोनचा अहवाल प्रयोगशाळेत अडकलेला, बँकेचे कागद दुसऱ्या राज्यात, परदेशातली माहिती मागवायची तर दिल्लीमार्फत पत्रं जातात आणि वर्षात येतील की दोन वर्षांत, सांगता येत नाही. म्हणून आरोपपत्राला नव्वदऐवजी एकशेऐंशी दिवस मागतात. ती मागणी खोटी नाही, मी स्वतः त्या अडचणीत सापडलोय.

पण मनापासून सांगतो, आणि हे माझ्या जुन्या सोबत्यांना आवडणार नाही. कबुलीजबाब चालतो म्हटलं की तपास ढिला पडतो. अधिकाऱ्याची सगळी मेहनत त्या कागदावर सही घेण्यात जाते. हॉटेलचं रजिस्टर, सिमकार्ड विकणारा दुकानदार, रिक्षावाला, यांच्याकडे जायला तीन महिने उशीर होतो. तोवर रिक्षावाल्याला चेहरा आठवत नसतो. इंग्रजांच्या पुरावा कायद्यानंसुद्धा पोलिसापुढचा कबुलीजबाब बाद ठरवला होता. त्याला कारण होतं, इंग्रजाला आपले शिपाई ठाऊक होते.

आणि चुकीचा माणूस धरला की फाईल 'छडा लागला' म्हणून बंद होते. खरा माणूस मोकळा राहतो. त्याला मग कोणी शोधतही नाही. पश्चिमरेल्वे, तुमच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच कुठेतरी हरवलं असणार.

विजापूरवेस यांना एवढंच सांगतो की मुदतीनं आमचा हात आखडला नव्हता. टाडा, पोटा दोन्ही काळात काम केलंय. हात आखडतो तो माणसं कमी, प्रयोगशाळा कमी आणि साक्षीदाराला संरक्षण नाही म्हणून.

काळा_कोट

फौजदारसाहेब, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार.

मी वकिली करते, त्यामुळे जामिनाचं तेवढं स्पष्ट करते. इथे बऱ्याच जणांना वाटतं की निर्दोष असेल तर सुटेलच की. सुटेल, पण कधी, हाच प्रश्न आहे.

यूएपीएच्या कलम ४३ड(५) नुसार, केस डायरी आणि आरोपपत्र पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा मानायला वाजवी कारण आहे असं कोर्टाला वाटलं, तर जामीन देता येत नाही. आता केस डायरी लिहिणार पोलीस, आरोपपत्र लिहिणार पोलीस. आणि २०१९ च्या वटाली निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची खोलात चिकित्सा करायची नाही. म्हणजे पुरावा कच्चा आहे हे दाखवायची जागा फक्त खटल्यात, आणि खटला वर्षानुवर्षं सुरूच होत नाही. आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी यूएपीएखाली अटकेत होते, ८४ वर्षांचे, कंपवातानं हातात पेला धरता येत नव्हता. जुलै २०२१ मध्ये जामिनाची वाट पाहत कोठडीतच गेले. त्यांचा खटला उभाच राहिला नव्हता. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कुठलंही कोर्ट सांगणार नाही.

थोडा दिलासा आहे. फेब्रुवारी २०२१ चा के. ए. नजीब निकाल. आरोपी पाच वर्षांहून जास्त आत होता आणि पावणेतीनशेच्या आसपास साक्षीदार तपासायचे बाकी होते. सुप्रीम कोर्ट म्हणालं, खटला वाजवी काळात संपणार नसेल तर घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, वरचढ ठरतं, जामीन देता येतो. तळ्याकाठी म्हणतात ती खटल्याची मुदत कोर्टानं अशी मागच्या दारानं आणलीय. पण ती प्रत्येकाला मिळत नाही. एका खंडपीठापुढे नजीब चालतो, दुसऱ्यापुढे वटाली.

आणि एक जुनं येणं. आणीबाणीनंतर १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. स्थानबद्धतेची कारणं तपासणाऱ्या सल्लागार मंडळासमोर न नेता स्थानबद्ध ठेवायचा काळ तीन महिन्यांवरून दोनवर आणायचा असं तिच्यात होतं. संसदेनं मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. पण तेवढं एक कलम अमलात आणायची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. जनता पक्षानं काढली नाही, काँग्रेसनं नाही, भाजपनं नाही. कोणत्या पक्षाचं सरकार आहे यावर हा प्रश्न अवलंबून नाही, हे यावरून कळावं.

भीमाकाठ

तळ्याकाठी, तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट खटकते. तुम्ही मुदत मुदत म्हणता, पण चार हुतात्म्यांचा खटला मुदतीतच झाला होता! मेमध्ये घटना, जानेवारीत फाशी. आठ महिने. अपील वगैरे सगळं धरून. वेगानं न्याय होतो असं नाही. उद्या सरकारनं म्हटलं की दहशतवादाचा खटला एका वर्षात संपवायचाच, तर कोर्ट काय करेल? साक्षीदार गाळेल, उलटतपासणी आवरेल. घाईनंही माणूस फासावर जातो.

तळ्याकाठी

भीमाकाठ, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. तुमचं बरोबर आहे, माझं मांडणं ढोबळ होतं.

दुरुस्त करून लिहितो. मुदत निकालाला नको. पुरावा न तपासता माणसाला आत ठेवायला मुदत हवी. ती संपली की जामीन द्या, देश सोडू देऊ नका, रोज ठाण्यात हजेरी लावा, खटला मात्र जेवढा चालायचा तेवढा चालू दे.

आणि वेगाबद्दल म्हणाल तर दुसरं उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. कसाब. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळ्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या आणि त्याची बंदूक सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. त्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार नव्हतं, तरी कोर्टानं वकील दिला. सुनावणी झाली, साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली. मे २०१० मध्ये शिक्षा, ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल, २१ नोव्हेंबर २०१२ ला फाशी. तीही येरवड्यातच. चार वर्षांच्या आत. हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचा अर्ज, एकही पायरी गाळली नाही. तिथे नुसत्या कबुलीवर भिस्त नव्हती. छायाचित्रं होती, डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार होते, हत्यारं होती. ज्याला सगळ्या देशानं बंदूक घेऊन फिरताना पाहिलं, त्यालाही आपण वकील दिला. मला त्याचा अभिमान वाटतो, आज पहिल्यांदाच लिहून सांगतोय.

दूरदेशी

सोलापूर सोडून वीस वर्षं झाली, पण हा धागा सोडवेना. 'आज सरकार आपण निवडून देतो' असं वर विजापूरवेस म्हणाले, म्हणून दोन गोष्टी.

ट्युनिशिया. २०११ मध्ये हुकूमशहा गेला, नवी लोकशाही आली. २०१५ मध्ये आधी बार्दो संग्रहालयात आणि मग सूसच्या समुद्रकिनाऱ्यावर हल्ले झाले, सूसमध्ये ३८ माणसं गेली. महिन्याभरात संसदेनं दहशतवादविरोधी कायदा केला. १७४ मतं बाजूनं, विरोधात एकही नाही. राशीद घन्नूशींचा एन्नाहदा पक्षही बाजूनं होता. आठ वर्षांनी, २०२३ मध्ये, सत्ता एका माणसाच्या हाती एकवटलेली असताना त्याच घन्नूशींना एका भाषणातल्या शब्दावरून दहशतवादविरोधी कायद्याखालीच शिक्षा झाली.

इतक्या लांब जायलाही नको. तामिळनाडूचे वायको. २००२ मध्ये संसदेत त्यांचा पक्ष पोटाच्या बाजूनं उभा राहिला. त्याच वर्षी जुलैत, श्रीलंकेतल्या एलटीटीई या बंदी घातलेल्या तमिळ संघटनेच्या बाजूनं केलेल्या भाषणावरून त्यांना पोटाखालीच अटक झाली. दीड वर्षाहून जास्त आत होते.

निवडून दिलेलं सरकार बदलतं. कायदा पुस्तकात तसाच राहतो, आणि पुढचं सरकार तो कसा वापरेल याचा वायदा आधीचं सरकार देऊ शकत नाही.

विजापूरवेस

वायकोंचं मला माहीत नव्हतं. वाचून विचारात पडलो. तरी कायदा कडक असावा या मतावर मी आहे. फक्त दर काही वर्षांनी संसदेत हिशेब मांडायला हरकत नसावी, एवढं मान्य करतो.

अशोकचौक

आमच्या कारखान्यातली गोष्ट लिहू की नको, ठरवत होतो.

यंत्रमागावर एक पोरगा होता. हाताला चांगला, धागा तुटला तर मला सांगावं लागायचं नाही. एका दूरच्या शहरातल्या प्रकरणात नाव-वयाच्या साम्यावरून त्याला नेलं. नऊ दिवस. मग सोडून दिलं, तुझा संबंध नाही म्हणून. कोणी मारलं नाही, त्यानं तसं कधी सांगितलं नाही. पण गल्लीत तोवर बातमी झाली होती. घरमालकानं खोली खाली करायला लावली. लग्न ठरलं होतं, मुलीच्या वडिलांनी सुपारी परत पाठवली. मी कामावर ठेवला, पण शेजारच्या मागावरचे बोलेनात. चार महिन्यांनी तो भिवंडीला गेला. त्याचा माग अजून दुसऱ्याला नीट जमत नाही.

'तो निर्दोष आहे' असा एक कागद त्याच्या हातात असता तर? कोणी दिला नाही. मागायचा कुठे हेही आम्हाला कळलं नाही.

काळा_कोट

अशोकचौक दादा, असा कागद देणारा कायदाच आपल्याकडे नाही. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यात भरडलेल्याला ठरावीक मुदतीत भरपाई मिळावी, त्यासाठी खास न्यायालयं असावीत, असं त्यात स्पष्ट सुचवलंय. तो अहवाल पडून आहे. माझ्या मते मुदतीच्या कलमाइतकंच हे महत्त्वाचं. चुकीची किंमत सरकारला मोजावी लागली तर नाव-वयाच्या साम्यावर माणूस उचलण्याआधी कोणीतरी एक फोन जास्त करेल.

आणि आपण बोललो तर फरक पडतो. आपल्या राज्याच्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. मूळ मसुद्यातला 'व्यक्ती आणि संघटना' हा मोघम रोख जुलै २०२५ मध्ये मंजूर होताना कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांपुरता आणला गेला. 'तत्सम' या शब्दाची मला अजूनही धास्ती वाटते. पण मसुदा हलला.

कुमठानाका

ताई, नवीन आहे इथं, चुकलं तर सांभाळून घ्या. मेहुण्याच्या पोराला काल ठाण्यातून कागद आलाय. कुठल्यातरी व्हॉट्सअॅप ग्रुपात नंबर होता म्हणं. परवा बोलावलंय. घरात बाई रडायलीय, काय करावं कळंना झालंय. जाऊ द्यावं का गावाला पाठवून द्यावं?

काळा_कोट

दादा, गावाला अजिबात पाठवू नका. न गेल्यास त्याच्यावरच उलटेल.

कागदावर कलम कोणतं लिहिलंय ते आधी बघा. नागरिक सुरक्षा संहितेचं १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. ३५ असेल तर संशयित म्हणून, पण नोटीस पाळून हजर राहिला तर सहसा अटक करत नाहीत. वय पंधराच्या आत असेल तर साक्षीसाठी ठाण्यात बोलावताच येत नाही, घरी यावं लागतं. फोनमधलं काहीही पुसू नका, एक मेसेजसुद्धा नाही. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. अटक झालीच तर कारणं लेखी मागा. प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं यूएपीएतही ती लेखी द्यावीच लागतात असं ठरवलंय. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

उद्या अकराला कोर्टात या, मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन. नोटिशीची प्रत आणि वयाचा दाखला विसरू नका. परवा ठाण्यात मी सोबत येईन.

निवृत्त_फौजदार

ताई, मीही येतो. ठाण्यात दोन शब्द माझेही ऐकतील.

कुमठानाका

येतो ताई. जन्मतारखेचा दाखला शाळेत आहे, सकाळी उघडल्याबरोबर काढून आणतो.